पेट्रातली जागा कुणाला?

शेजारणीने जॉर्डनहून पेट्राचे, म्हणजे तिथल्या खडकात कोरलेल्या प्राचीन शहराचे फोटो पाठवले. फोंड्यातल्या आमच्या वाड्यावर सगळे त्या गुलाबी खडकांवर खूष. मला मात्र आठवला अमेरिकेतल्या हर्बर्ट आर्मस्ट्राँगचा पंथ. जगाचा संहार जवळ आलाय आणि देवाने निवडलेले लोक 1972 साली पळून जाऊन बहुधा याच पेट्रात आसरा घेतील, असं त्याचे अनुयायी मानत. आधार बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या 12व्या अध्यायाचा: अरण्यात पळालेली स्त्री, तिथे 1260 दिवस तिचा सांभाळ.

पण आसरा मिळणार कुणाला? दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा पंथाला भरणाऱ्याला, प्रश्न न विचारणाऱ्याला. शंका घेतली की पंथाबाहेर, म्हणजे थेट संहारात. याचाच मला संताप येतो. पोराबाळांच्या जिवाची भीती घालून माणसाला गप्प बसवायचं, ही कसली श्रद्धा? (आमच्या इथल्या चर्चमध्ये असलं काही मी कधी ऐकलं नाही.) 1972 आलं नि गेलं. पेट्राला कुणी पळालं नाही. पंथाच्या शिकवणीपायी काहींनी डॉक्टरकडे जाणंही टाळलं होतं.