आईच्या रियाजासाठी यूएसबीवर चालणारा छोटा मिक्सर

आई रोज सकाळी रियाजाला बसते तेव्हा तिच्यासमोर तीन वस्तू असतात. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप, काळी चार या तिच्या पट्टीला लावलेलं, मग इलेक्ट्रॉनिक तबल्याची पेटी, आणि कॉम्प्युटरवर तिच्या गाण्याच्या बाईंनी दिलेल्या बंदिशींची रेकॉर्डिंग्ज. तिन्हीचे आवाज तीन दिशांनी येतात, मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाचा सा तर ऐकूच येत नाही. घरात कॉम्प्युटरचे चांगले स्पीकर आहेत पण त्यांना इनपुट एकच. आई म्हणाली, "अगं, हे सगळं एकातून नाही का येणार?"

आधी मी दोन पिनांची एक करणारी वाय केबल उलटी लावून बघितली. आवाज आला पण दोन्ही बारीक, कारण एका वस्तूचं आउटपुट दुसरीच्या आउटपुटला ढकलत बसतं. प्रत्येकाच्या वाटेत रेझिस्टर घालावाच लागतो आणि पुढे एक ऑपॅम्प (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट, चिपमध्ये मिळतं), म्हणजे आवाज पडत नाही आणि एकाचा व्हॉल्यूम फिरवला तर दुसऱ्याचा हलत नाही.

मग पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाजवळ जाऊन सामान आणलं. प्रत्येक इनपुटला १० केचा (म्हणजे १० किलोओहमचा) लॉग पॉट, आवाज कमी-जास्त करायला फिरवतात तो, पुढे १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, पुढे ४७ केचा रेझिस्टर, आणि तिन्ही रेझिस्टर ऑपॅम्पच्या मायनस पिनवर एकत्र. पॉट लॉगच घ्या, लीनियर घेतला तर पहिल्या पाव फेरीतच सगळा आवाज येऊन जातो. स्टीरिओच्या मागे लागले नाही, मोबाईलचे आणि कॉम्प्युटरचे डावे-उजवे १ केच्या दोन दोन रेझिस्टरनी जोडून मोनो केले, रियाजाला तेवढं पुरतं.

पॉवर कॉम्प्युटरच्या यूएसबीतूनच घ्यायची हे आधीपासून ठरलेलं, आईला अजून एक ॲडॉप्टर सांभाळायला द्यायचा नव्हता. म्हणून चिप निवडताना बघावं लागतं, सगळीकडे सर्किटमध्ये टीएल०७२ असतो पण त्याला ५ व्होल्ट पुरत नाहीत. मी एमसीपी६००२ घेतला, तो १.८ ते ६ व्होल्टवर चालतो आणि आउटपुट जवळजवळ पूर्ण ५ व्होल्टपर्यंत जातं. एका चिपमध्ये दोन ऑपॅम्प असतात, मला एकच लागला, पण दुसरा मोकळा सोडायचा नाही, त्याचं आउटपुट त्याच्याच मायनसला आणि प्लस २.५ व्होल्टला जोडून टाकायचं. हे २.५ व्होल्ट म्हणजे १० केच्या दोन रेझिस्टरनी ५ चे केलेले दोन भाग, आवाजाची लाट त्याच्यावर-खाली फिरते.

जुनी मोबाईलची केबल कापली, लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड (मल्टिमीटरने बघून घ्याच, रंगांवर विश्वास ठेवू नका), झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या बोर्डवर) सोल्डर केलं, लावलं, आणि तानपुऱ्याच्या मागून किर्र्र असा आवाज. माऊस हलवला की तो आवाजही हलायचा!

खरं काम इथून पुढे होतं, मिक्सर तसा एका संध्याकाळचा. यूएसबीचे ५ व्होल्ट स्वच्छ नसतात आणि माझे २.५ त्यातूनच बनलेले, म्हणजे तिथली सगळी घाण थेट ऑपॅम्पच्या प्लसवर. त्या मधल्या पॉइंटपासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड टाकला, निम्म्याहून जास्त आवाज गेला. मग यूएसबीच्या लाल वायरमध्ये १०० ओहम आणि त्याच्या पुढे १००० मायक्रोफॅरड. एवढा मोठा कॅपॅसिटर यूएसबीला डायरेक्ट लावायचा नाही हं, पोर्टवर नुसता १० मायक्रोफॅरडपर्यंतच चालतो, रेझिस्टर असला की सुरुवातीचा झटका ५० मिलिॲम्पच्या वर जात नाही. आणि चिप १ मिलिॲम्पसुद्धा खात नाही म्हणून १०० ओहमवर व्होल्टेज पडतच नाही म्हणा ना.

तरी थोडी किरकिर उरलीच. कॉम्प्युटरची ऑडिओ केबल उपटली की एकदम शांत, म्हणजे लूप होता, कॉम्प्युटरचं ग्राउंड यूएसबीतूनही येतंय आणि ऑडिओ केबलच्या जाळीतूनही. त्या एका इनपुटला ६०० ओहमचा एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकला (वायर थेट न जोडता आवाज पुढे देतो तो), दोन्हीकडची ग्राउंड वेगळी ठेवली, आणि गेली! पॉवरबँकवर चालवूनही बघितलेलं, पण एवढा कमी करंट जातो की पॉवरबँकला वाटतं काहीच लावलेलं नाही, थोड्या वेळात बंद.

एक बदल नंतर केला. तिन्ही पॉट फुल केले की तबल्याचा धा फाटायचा, म्हणून फीडबॅकचा, म्हणजे ऑपॅम्पच्या आउटपुटपासून त्याच्या मायनसला जाणारा, ४७ के काढून २२ के लावला, आता फाटत नाही आणि आवाज स्पीकरवर वाढवता येतो.

सगळं आईच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या पोळ्यांच्या डब्यात बसवलंय, डबा एकाच जागी ग्राउंडला जोडलाय, पॉटखाली तिनेच मार्करने ता, त, बा असं लिहिलंय. बा म्हणजे बाई. काल तिने बाईंची भूपातली बंदिश लावली, तानपुरा हळूहळू वर आणला, मग बाईंचा आवाज कमी करत करत बंद केला आणि तिथून पुढे स्वतः गायली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते, तानपुऱ्याच्या मागे काहीही नव्हतं.