पाकीट क्रमांक चार

मुद्देमाल कारकुनाने टेबलावर सहा पाकिटे मांडली आणि चौथ्यापाशी त्याचा हात थांबला. बाकीची पाच ताठ, कोरडी. चौथ्याचा तळ काळपट आणि मऊ. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, विशेष न्यायालयात सरकार पक्षाचे काम करताना असा तळ दिसला, की आतल्या वस्तूचे काय झाले असेल ते पाकीट उघडण्याआधीच समजते.

तरी उघडायचे ते रीतसरच. आधी सील न्यायाधीशांना दाखवायचे. ते शाबूत आहे का, पोलिसांचे आहे की प्रयोगशाळेचे, हे साक्षीत लिहून घ्यायचे. मग लेबलावरची सही पंचाला ओळखायला लावायची. कात्री त्यानंतर, आणि तीही सील नसलेल्या कडेने, म्हणजे लाख आणि सही दोन्ही जपली जातात. घाईत शिपायाने लाखच फोडली, तर अपिलाच्या वेळी त्या पाकिटाची ओळख पटवायला काही उरत नाही.

पाकिटात प्लॅस्टिकची पिशवी निघाली आणि पिशवीत आठ वर्षांच्या मुलीचा फ्रॉक. घड्या एकमेकींना चिकटलेल्या, वर बुरशीचे करडे ठिपके. प्रयोगशाळेचा अहवाल नस्तीत होताच: सील शाबूत, नमुना सीलप्रमाणे, डीएनए प्रोफाइल मिळाले नाही. त्यात प्रयोगशाळेचा दोष नव्हता. घटना पावसाळ्यातली, फ्रॉक भिजलेला, आणि जप्तीच्या वेळी तो तसाच पिशवीत कोंबून वर कागदी पाकीट चढवलेले. बंद पिशवीतल्या ओलाव्यात आणि उबेत जिवाणू व बुरशी वाढतात आणि डीएनएचे तुकडे करतात. सील कितीही पक्के असले तरी आतले कुजणे थांबत नाही.

खरे तर ओला कपडा आधी सुकवायचा असतो. कुलूपबंद खोलीत, स्वच्छ कागदावर पसरून, सावलीत. ऊन नको, गरम हवा नको. सुती कपड्याला कधी कधी रात्रभर लागते. सुकल्यावर घड्यांच्या मध्ये कोरा कागद घालायचा, म्हणजे एका भागावरचा डाग दुसऱ्यावर उतरत नाही. प्रत्येक कपड्याला वेगळे कागदी पाकीट, आणि ज्या कागदावर कपडा सुकवला तो कागदही वेगळ्या पाकिटात, कारण त्यावर काही गळून पडलेले असू शकते. यासाठी कुठले यंत्र लागत नाही. लागते ती एक मोकळी खोली आणि पंचनामा लिहिताना एवढा धीर.

पाकीट ठाण्यात किती दिवस पडून होते, ते मुद्देमाल नोंदवहीने सांगितले: ४१. कारण 'वाहक उपलब्ध नाही', म्हणजे शिपाई बंदोबस्ताला. मधले तीन दिवस ते कुणाच्या ताब्यात होते याची नोंदच नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कट्टवेल्लई खटल्यात डीएनएचा नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवण्याचे आणि त्याच्या ताब्याची नोंदवही खटला संपेपर्यंत ठेवण्याचे निर्देश दिले. आमचा गुन्हा त्याआधीचा. पण निर्देश नव्हते म्हणून कपडा कुजायचा थांबला नाही.

दुसरी हानी न्यायालयाच्या नस्तीतच झाली होती. मुलीच्या जबाबाच्या चित्रीकरणाचा पेन ड्राइव्ह दोषारोपपत्राबरोबर आला होता. आधीच्या एका तारखेच्या रोजनाम्यात 'पेन ड्राइव्ह पाहिला' एवढीच ओळ. तो कार्यालयातल्या संगणकाला तसाच लावला गेला होता. असे केले की संगणक त्यावर आपले छुपे फोल्डर तयार करतो. चित्रीकरणाच्या फाइलला काही होत नाही, पण पूर्ण ड्राइव्हचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारी अंक-अक्षरांची ओळखखूण, बदलतो. आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायच्या प्रमाणपत्रात नेमका पूर्ण ड्राइव्हचाच हॅश लिहिला होता, फाइलचा नव्हता. बचाव पक्षाला 'छेडछाड' म्हणायला एवढे पुरेसे होते.

अशा चित्रीकरणाने गुन्हा सिद्ध होत नाही. ते साक्षीला पुष्टी देते. पण 'मुलीला पढवले' या आरोपाला त्याहून चांगले उत्तर नसते. मूळ मेमरी कार्ड सुदैवाने ठाण्यात जमा होते. ते मागवायचा अर्ज दिला आणि फाइलच्या हॅशसह नवे प्रमाणपत्र दाखल करायची परवानगी मागितली. जालन्याच्या निवडणूक वादातल्या अर्जुन खोतकर निकालात, २०२० मध्ये, खटला संपण्याआधी प्रमाणपत्र दाखल करता येते हे स्पष्ट झाले आहे. अर्ज मंजूर झाला.

मग तिसरा मुद्दा आला, आणि तो मला सगळ्यात जड गेला. बचाव पक्षाने मुलीला परत साक्षीला बोलावण्याचा अर्ज दिला. तिने साक्षीत फ्रॉक पिवळा सांगितला होता. पंचनाम्यात 'मळकट रंगाचा' असे लिहिलेले. या विसंगतीवर तिला पुन्हा विचारायचे होते.

पोक्सोच्या कलम ३५ प्रमाणे विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची असते. उशीर झाला तर कारण लिहायचे असते. हिची साक्ष १४ महिन्यांनी झाली. त्याआधी तीनदा तिला आणून परत पाठवले होते आणि रोजनाम्यात कारणाचा एक शब्द नाही. उलटतपासणीतले प्रश्न कलम ३३(२) प्रमाणे न्यायाधीशांमार्फत जायला हवे होते. नोंदीवरून तरी ते वकिलांनी थेटच विचारलेले दिसत होते. वस्तू हातची गेली की सगळा भार मुलाच्या शब्दांवर येतो, आणि कपडा नीट सुकवला नाही याचा जाब नऊ वर्षांच्या मुलीला विचारला जातो. हे मी पुन्हा होऊ देणार नव्हते. मुलाला वारंवार बोलावू नये, ही कलम ३३(५) ची जबाबदारी न्यायालयावरच आहे, एवढे सांगून मी विनंती केली, की अर्जावर निर्णय देण्याआधी फ्रॉक एकदा नीट बघावा.

हातमोजे घालून कारकुनाने घडी सोडवली. वरचा कपडा चिखलाने आणि बुरशीने राखाडी झाला होता. घेराची दुमड उलटली तर दुहेरी शिवणीच्या आत, जिथे चिखल पोचला नव्हता, तिथे बोटभर पट्टी होती. हळदीसारखी पिवळी. पंच साक्षीदार पिंजऱ्यात उभाच होता. जप्तीच्या वेळी दुमड उलटून पाहिली होती का, असे मी विचारले. तो 'नाही' म्हणाला.

न्यायाधीश खुर्चीतून पुढे झुकले, पट्टी पाहिली आणि स्टेनोला मजकूर सांगितला: 'फ्रॉकच्या घेराची दुमड न्यायालयाने पाहिली. आतील कापडाचा रंग पिवळा आहे.' मुलीला परत बोलावण्याचा अर्ज त्याच आदेशात फेटाळला. ती बाहेरच्या बाकावर नव्हतीच. खटल्यात मुलीच्या सोबतीला नेमलेल्या सहायक व्यक्तीला मी सकाळीच फोन करून तिला शाळेत पाठवायला सांगितले होते.

फ्रॉक परत बांधताना प्लॅस्टिकची पिशवी तिच्या लेबलासह वेगळ्या पाकिटात ठेवली, कारण तीही आता पुरावा होती. कपड्याला नवे कागदी पाकीट, घड्यांमध्ये कोरे कागद, वर न्यायालयाचे सील. कारकुनाने नोंदवहीत तारखेपुढे वेळही लिहिली.