एकशे बेचाळीस नग: एका लिलावाच्या तयारीची नोंद

दिवाळीनंतर हाती घेतलेले काम गेल्या रविवारी एका टप्प्यावर आले, म्हणून आपल्यासारख्या जुन्या पुस्तकांच्या संग्राहकांसाठी त्याची सविस्तर नोंद करीत आहे. कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहणारे माझे एक ज्येष्ठ स्नेही, व्यवसायाने चित्रकलेचे शिक्षक, दोन वर्षांपूर्वी वारले. आम्ही सारे त्यांना सर म्हणत असू. घर बदलण्याची वेळ आली तेव्हा वहिनींनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांनी जन्मभर जपलंय हे. रद्दीत घालायला हात होत नाही, आणि ठेवायला आता जागा नाही. यातलं काय कुणाच्या कामाचं आहे, तेवढं बघून सांगा.” एक लाकडी कपाट आणि खाटेखालची पत्र्याची ट्रंक, एवढा तो संग्रह होता. मोजणी झाली तेव्हा एकशे बेचाळीस नग भरले.

लिलावच का, असे अनेकांनी विचारले. साठोत्तरी, म्हणजे १९६० नंतरच्या, मराठी साहित्याच्या पहिल्या आवृत्त्या आणि लघुअनियतकालिकांचे, म्हणजे लेखकांनी स्वतःच, ठरलेल्या मुदतीविना काढलेल्या छोट्या नियतकालिकांचे, अंक यांना ठरलेला असा भाव नाही. एकच पुस्तक एक विक्रेता छापील किमतीला देतो आणि दुसरा त्याच पुस्तकाचे वीसपट मागतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. अशा वस्तूचे मोल तिची ओळख असणारे दोघेजण समोरासमोर बसल्याशिवाय कळत नाही. आपल्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही, कारण तिथेही ढेप समोर ठेवून, तिचा रंग आणि कणी पाहूनच बोली लागते. पुस्तकाच्या बाबतीत फरक एवढाच की पाहण्यासारखे पुष्कळसे आत दडलेले असते आणि ते शोधून लिहून ठेवण्याची जबाबदारी लिलाव मांडणाऱ्यावर येते. त्यामुळे माझे जवळजवळ सगळे महिने वर्णनाची सूची करण्यातच गेले.

सुरुवात आवृत्ती ठरवण्यापासून केली. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हा आपला पहिला आधार, परंतु तिचे दोन भाग मिळून १८०० ते १९५० एवढाच काळ येतो. मर्ढेकरांच्या १९४७ च्या ‘काही कविता’साठी तिचा उपयोग होतो, पण सरांच्या संग्रहाचा गाभा १९६० नंतरचा असल्यामुळे बहुतेक ठिकाणी पुस्तकालाच विचारावे लागले. शीर्षकपानामागील मजकूर, मुद्रणालयाचे नाव, किंमत, मलपृष्ठावरील जाहिरातीत उल्लेखलेली इतर पुस्तके, हे सारे मी प्रत्येक नगासाठी वेगळ्या कार्डावर उतरवले. काही जुन्या पुस्तकांवर फक्त शालिवाहन शकाचे वर्ष असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, परंतु पौषाच्या सुमारापासून फाल्गुनापर्यंतच्या पुस्तकांना ७९ मिळवावे लागतात, हे विसरल्यामुळे माझी दोन कार्डे सुरुवातीला चुकली होती.

सर्वांत जास्त वाद ‘कोसला’च्या प्रतीवर झाला. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ च्या सप्टेंबरात पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. सरांच्या प्रतीत शीर्षकपान आणि त्यामागचा मजकूर असलेले ते पहिले पानच नाही. मात्र आतल्या अस्तरावर सरांच्या हातची, जानेवारी १९६४ ची खरेदीची नोंद आहे. प्रकाशनानंतर अवघ्या चार महिन्यांत घेतलेली प्रत पहिल्या आवृत्तीखेरीज दुसरी कशी असेल, असा एका संग्राहक मित्राचा युक्तिवाद होता आणि मला तो मनातून पटलाही होता. तरीही सूचीत मी ‘पहिली आवृत्ती’ असे लिहिले नाही. पान नाही, नोंद आहे, नोंदीची तारीख ही, अक्षर मालकाचे, असे चार तुकडे वेगवेगळे लिहिले आणि निष्कर्ष घेणाऱ्यावर सोपवला. ज्या पानावर पुरावा असायला हवा तेच पान नसताना आपण ठाम विधान केले, तर उद्या आपल्या सूचीतील इतर शंभर खऱ्या विधानांवरचाही विश्वास उडेल, असे मला वाटते.

आता पुराविषयी लिहिले पाहिजे, कारण या संग्रहाची अर्धी कथा पुराची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले तेव्हा कपाटाचा तळचा खण आणि खाटेखालची ट्रंक दोन्ही बुडाली. जड पुस्तके आपण नेहमी तळाला ठेवतो, त्यामुळे चित्रकलेची सगळी मोठी पुस्तके, ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाचे अंक आणि प्रदर्शनांच्या सूच्या पाण्याखाली गेल्या. ट्रंकेत सायक्लोस्टाइल केलेली, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलमधून शाई उतरवून प्रती काढलेली, आणि स्वस्त कागदावर छापलेली अनियतकालिके होती. कोणीही म्हणेल की महाग कागदावरची पुस्तके तगली असतील आणि हलका कागद गेला असेल. प्रत्यक्षात नेमके उलटे घडले. आर्ट पेपरवर चिनी मातीचा गुळगुळीत थर असतो. तो भिजला की चिकट होतो आणि पाने एकमेकांवर असताना वाळली की सगळी मिळून एक वीट तयार होते, जी नंतर कशानेही सुटत नाही. अशी पाने ओली असतानाच सुटी करावी लागतात, आणि तेवढा वेळ नसेल तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावे लागते, म्हणजे बुरशी थांबते आणि पुढचे काम सवडीने करता येते. पुराच्या त्या आठवड्यात वीजच नव्हती, तेव्हा फ्रीझरचा प्रश्नच आला नाही. उलट, अनियतकालिकांचा सच्छिद्र कागद सरांनी गच्चीवर दोरीला टांगून वाळवला. सायक्लोस्टाइलची शाई तेलकट असते, म्हणून ती पाण्याने फुटली नाही आणि मजकूर जसाच्या तसा राहिला. वाहून गेली ती फक्त फाउंटन पेनने लिहिलेली नावे आणि तारखा. कित्येक मुखपृष्ठांवर त्यांच्या जागी फिकट निळा ढग तेवढा उरला आहे.

हे सारे सूचीत कसे मांडावे यावर मी फार विचार केला. जुन्या पुस्तकांच्या वर्णनात ‘स्थिती चांगली’ हा शब्दप्रयोग सर्रास वापरला जातो आणि त्यातून काहीही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी दूरच्या एका विक्रेत्याकडून याच दोन शब्दांवर विसंबून मी एक काव्यसंग्रह मागवला होता, आणि हाती आला तेव्हा त्याच्या कण्यापासून निम्मी पाने सुटलेली होती. म्हणून येथे पाण्याची रेघ कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत आणि किती उंचीवर आहे, कसर लागलेली भोके मजकुरात आहेत की समासात, पिनांचा गंज कागदात किती उतरला आहे, असे प्रत्येक नगाचे दोष आधी आणि गुण नंतर लिहिले. गंजलेल्या पिना काढून त्याच भोकांतून सुती दोऱ्याचा टाका घालण्याचे काम मी चार अंकांवर केले आणि मग थांबलो. पिना मूळच्या आहेत, त्या ठेवाव्यात की काढाव्यात हे नव्या मालकाने ठरवावे, हा विचार मला उशिरा सुचला. ज्या चार अंकांना टाका घातला त्यांच्या वर्णनात तसे स्पष्ट लिहिले आहे, आणि काढलेल्या पिना पाकिटात घालून सोबत दिल्या आहेत.

ट्रंकेतील अंकांत काही मूळचे होते आणि काही नंतर कोणीतरी काढून दिलेल्या झेरॉक्स प्रती. हे वेगळे करण्यासाठी दिवा बाजूने तिरपा धरून पाहणे पुरते. झेरॉक्सची भुकटी कागदाच्या वर बसलेली दिसते आणि किंचित चमकते, सायक्लोस्टाइलची शाई मात्र कागदात मुरलेली असते आणि अक्षरांच्या कडा मऊ, थोड्या पसरलेल्या असतात. हाताने कोरलेल्या स्टेन्सिलवर गोलाकार अक्षरांच्या आतला भाग कधी कधी फाटून जातो आणि ‘व’चे पोट काळेभोर भरून येते. हा दोष झेरॉक्समध्येही उतरतो, त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबू नये.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले, पुढे १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत अशा अंकांची रांगच लागली. त्याच १९६३ मध्ये शहाणे यांचा ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख ‘मनोहर’ या नियतकालिकात आला होता. हे अंक हातोहात वाटले गेले आणि ग्रंथालयांनी त्यांची नोंद क्वचितच ठेवली, म्हणून आज ते कुणाच्या तरी ट्रंकेतच सापडतात. सरांकडे निरनिराळ्या नावांचे एकतीस मूळ अंक निघाले. लिलावाच्या दीड महिना आधी एका खरेदीदाराने त्यांतील फक्त दोन अंकांसाठी मोठी रक्कम देऊ केली. ती रक्कम ऐकून वहिनींच्या मुलाला मोह पडला, आणि त्यात त्याची चूक नव्हती. मी त्याला एकतीस अंक सतरंजीवर ओळीने मांडून दाखवले. एका अंकातील जाहिरात दुसऱ्या अंकाच्या प्रकाशनाची, एकातील टीकेला तिसऱ्यात उत्तर, एकाच कवीचे नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने छापलेले. मधले दोन काढले की उरलेल्या एकोणतीस अंकांचे बोलणे अर्धवट राहते. मुलाने ते पाहिले आणि एकच नग करण्यास संमती दिली.

कोल्हापूरकर म्हणून माझे मन ज्या पुस्तकांत गुंतले होते ती अर्थातच कोलटकरांची. त्यांचा जन्म याच गावचा आणि शिक्षण राजाराम हायस्कूलचे. सरांकडे क्लिअरिंग हाउसने १९७६ मध्ये काढलेली इंग्रजी ‘जेजुरी’ होती, प्रास प्रकाशनाचे १९७७ चे ‘अरुण कोलटकरच्या कविता’ होते, आणि २००३ ची ‘भिजकी वही’ही होती, जी सुदैवाने वरच्या खणात असल्यामुळे कोरडी राहिली. ‘जेजुरी’च्या पहिल्या पानावर शाईने केलेली एक सही आहे. ती कवीची असावी असे सर सांगत. पडताळून पाहण्याजोगा दुसरा नमुना मला मिळाला नाही, म्हणून ‘पहिल्या पानावर शाईची सही, कोणाची ते निश्चित नाही’ एवढेच लिहिले. यामुळे बोली कमी लागेल हे मला माहीत होते.

दोन नग लिलावातून बाजूला काढले. ‘काही कविता’ची प्रत घट्ट बांधणीची आणि उत्तम अवस्थेतली होती, परंतु तिच्यावर एका ग्रंथालयाचा शिक्का होता आणि ती रद्द केल्याचा शिक्का कुठेही नव्हता. कोणी कधी वाचायला आणली आणि परत करायची राहिली, कोण जाणे. मी पत्र लिहून ती त्या ग्रंथालयाला परत केली. दुसरा नग म्हणजे १९४० च्या दशकातील एका शाळेचे हस्तलिखित वार्षिक, पानोपानी जलरंगातील चित्रे असलेले. पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाच्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातून एकाने त्याबद्दल विचारणा केली होती, त्यांना तसे कळवले. वहिनींनी ते वार्षिक स्वतःजवळ ठेवले आहे.

गेल्या रविवारी मंगळवार पेठेतील एका मित्राच्या वाड्याच्या सोप्यात तेवीस जण जमले. सगळे नग सकाळी दोन तास हाताळायला खुले ठेवले होते, आणि बाहेरगावच्या सहा जणांनी आपली कमाल बोली बंद पाकिटातून पाठवली होती. प्रत्येक नगाची मूळ बोली मी अंदाजाच्या एक तृतीयांश ठेवली, अडत घेतली नाही, आणि ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणण्याचे काम एका निवृत्त मुख्याध्यापकांनी खणखणीत आवाजात केले. ललित कला अकादमीच्या चित्रकारांवरील लहान पुस्तिका अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेल्या, त्या बहुतेक तरुण चित्रकारांनी घेतल्या. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाच्या १९७२ च्या प्रतीसाठी चौघांत चुरस झाली. ‘कोसला’ ज्या मित्राने माझ्याशी वाद घातला होता त्यानेच घेतली, पहिली आवृत्ती मानून आणि त्या हिशेबाने पैसे मोजून. ‘जेजुरी’ सहीविना जेवढी गेली असती तेवढीच गेली.

एकतीस अंकांच्या नगासाठी शेवटी दोघे उरले, एक पुण्याहून आलेले जुने संग्राहक आणि दुसऱ्या मराठी शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका. शेवटच्या तीन बोलींच्या वेळी सोप्यात कोणी खोकलेसुद्धा नाही. प्राध्यापिकाबाईंची बोली तिसऱ्या वारानंतर पक्की झाली तेव्हा पुण्याच्या गृहस्थांनीच उठून सर्वांत आधी त्यांचे अभिनंदन केले, आणि स्वतःकडे असलेल्या ‘असो’च्या एका अंकाची प्रत पाहण्यासाठी पाठवण्याचे कबूलही केले.

एकोणीस नग उरले आहेत आणि ते सगळे पुराने चिकटलेले कलाग्रंथ आहेत. ते रद्दीत देऊ नयेत, असे मी वहिनींना सांगितले आहे. प्रत्येक विटेच्या कडेला चार-सहा पाने अजून सुटी आहेत. ‘मार्ग’च्या एका अंकातील अशा पाच पानांची काल मी नोंद केली, उरलेले अठरा या महिन्यात पाहायचे आहेत.