आमची वाटचाल : सहाशेची रेघ

ड्रॉइंगच्या सामानाचं आमचं दुकान. ते कसं सुरू झालं हे सगळेच लिहितात, म्हणून सोडतो. आमची खरी गोष्ट त्या पावसाळ्याची, ज्यात आम्ही बुडता बुडता राहिलो.

गोडाऊनची मागची भिंत ओल धरायची. ट्रेसिंगचे, म्हणजे नकाशे आखायच्या अर्धपारदर्शक कागदाचे, रोल आम्ही तिलाच टेकवून, फरशीवर उभे ठेवलेले, त्यातले निम्मे वेष्टन फोडलेले. बघता बघता सगळा माल सादळला. कडांनी लाटा धरल्या, अमोनिया पेपरवर (नकाशाच्या प्रती काढायचा कागद) काढलेल्या प्रिंटची पांढरी जागा मळकट निळसर दिसू लागली, कंपासच्या डब्यांत गंज. पुरवठादाराने हात वर केले. तेही एक वेळ समजू शकतो, चूक आमचीच होती. पण एका प्रतिस्पर्ध्याने गिऱ्हाइकांत पसरवलं, की हे लोक दुय्यम माल खपवतात. अहो, त्याच कंपनीचा तोच कागद तोही विकत होता!

गिऱ्हाइकं तुटली. नकाशे आखणारे एक ड्राफ्ट्समन काका तेवढे परत आले, तेही खराब शीट घेऊन. भांडले नाहीत. शीट पसरून स्टीलची पट्टी ठेवली. "काल रेघ सहाशे मिलिमीटर आखली होती, आज सहाशे दोन भरतेय. आडवीच वाढलीय, उभी जागच्या जागी. तंतू पाणी पिऊन जाडीला फुगतात, लांबीला नाही. कागद चांगलाय, तुमची खोली वाईट आहे."

त्यानंतर रोल आडवे, रॅकवर, भिंतीपासून वीतभर लांब. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. ६५ च्या वर गेली की बुरशीची धास्ती. आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर घेतलात तर त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ओलसर मिठाच्या वाटीसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा, ७५ दाखवायला हवं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून विसरणारे तर खूप. केशरी दाणे हिरवे पडले की काम संपलं, तापवून पुन्हा वापरा. आणि रोल आणल्या आणल्या आखायला बसू नका, दिवसभर खोलीत राहू द्या. माप फारच नाजूक असेल तर कागदाऐवजी सरळ पॉलिएस्टर फिल्म, म्हणजे प्लास्टिकचं शीट, घ्या. महाग पडते, पण बदलत नाही म्हटलं तरी चालेल.

काकांचं ते शीट काउंटरमागे क्लिपला लटकवलेलं आहे. कोरड्या दिवसांत रेघ आखडते, पावसाळ्यात पुन्हा लांबते. त्या प्रतिस्पर्ध्याचा माणूस हल्ली अधूनमधून आमच्याकडूनच माल नेतो. तो आला की मी पट्टी काढतोच.