अन्नपूर्णेचं नाक

परवा दुपारी देव घासायला काढले. खरं तर दसऱ्यालाच घासायचे होते, ते राहिलं, मग दिवाळीला घासू म्हणता म्हणता फराळाच्या डब्यांनी सगळा ओटा अडवला. तर परवा एकदाचे ताम्हणात घेतले, पितांबरी लावली आणि घासता घासता लक्षात आलं की अन्नपूर्णेला नाकच नाहीये. म्हणजे असणार कधीतरी. आता चेहरा पार गुळगुळीत, लिमलेटची गोळी चघळून अर्धी झाल्यावर होते तसा. मांडीवरची पळी मात्र शाबूत.

ही आजीची. लग्नात गौरीहर पुजला तेव्हा माहेरून मिळालेली. तिने आयुष्यभर चिंच आणि राखेने घासली, मग आईने रांगोळीने, आता मी. तिघींनी मिळून देवीचं नाक संपवलं म्हणायचं!

रोजची पूजा आजोबांची. मी शेजारी बसून विठोबाची आरती पाठ करायचे आणि "युगे अठ्ठावीस"पाशी एकदा अडले. वहीच्या मागच्या पानावर कलियुगाची 4,32,000 वर्षं गुणिले 28 केलं, उत्तर आलं 1 कोटी 20 लाख 96 हजार. आजोबांना दाखवलं तर गंध उगाळता उगाळता म्हणाले, "चूक. सगळी युगं सारखी धरलीस होय? सत्ययुग कलीच्या चौपट असतं. परत कर." मी काही परत केलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. ज्याची वर्षं मोजायची तो कुठे जाणार होता.

गेले ते आजोबाच.

सुतक, त्यामुळे घरातल्या कुणी देवांना हात लावायचा नाही. शेजारचे काका सकाळी सोवळं नेसून यायचे आणि पूजा करून जायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी अन्नपूर्णा बाळकृष्णाच्या डावीकडे ठेवली. आजी लांब भिंतीला टेकून बसलेली, आदल्या दिवसापासून पोटात काही नाही, कुणाशी एक शब्द नाही. तिथूनच हात करून म्हणाली, "उजवीकडे ठेवा हो ती. आणि आधी वाटीत तांदूळ घाला." काकांनी घातले. मग आजी आईला म्हणाली, चहा टाक गं थोडा.

पंढरपूरचा तो तरी कुठे सुटलाय म्हणा. इतक्या लोकांनी पायावर डोकं ठेवायचं म्हणजे झीज होणारच, 2020 साली लॉकडाऊनमध्ये मंदिर बंद असताना मूर्तीला वज्रलेप केला होता. ती बातमी वाचून मला उगाचच कसंतरी झालेलं, आपण ज्याच्या भरवशावर, त्यालाच मलमपट्टी? आता तसं नाही वाटत. दगड झिजतो, पितळ झिजतं. आजोबा ज्याच्या जिवावर इतके निवांत होते तो ताम्हणात मावणारा नसावाच. पण मग आजीने तांदूळ कुणाच्या वाटीत घालायला लावले, हे काही मला सांगता येत नाही.

असो. देव पुसून कोरडे केले, वाटीत तांदूळ घातले, तिला उजवीकडे बसवली. तोंडाला यावेळी पितांबरी लावली नाही, नुसतं ओलं फडकं फिरवलं. डोळे आहेत अजून थोडे.