लादी फसफसली तेव्हा कळलं

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरात कोट्याची फरशी आहे, बाबांनी १९८६ साली हौसेने बसवलेली. मागच्या मे महिन्यात रंगकाम झालं, ठिपके उडाले आणि रंगाऱ्याने न विचारता हॉलच्या कोपऱ्यात अ‍ॅसिड ओतलं. "पाच मिनिटांत साफ होईल, ताई." लादी सोडावॉटरसारखी फसफसली. पुसून पाहिलं तर ठिपके निम्मे तिथेच, भोवती हातभर पांढरा खरखरीत डाग.

घिसाईवाला आला तो राजस्थानातल्या रामगंज मंडीकडचा, जिथून ही लादी येते. "चुन्याचा दगड हा. अ‍ॅसिड त्याला खाणारच." घासायच्या दगडाच्या ६० नंबरपासून, म्हणजे भरडपासून सुरुवात, मग बारीक होत १२०, २२०, ४००. मशीनखालून करडी रबडी वाहत होती. बोटावर चोळली तर एक कण लागेना. समुद्राच्या तळाशी बसलेला चुन्याचा गाळ तो, पुन्हा चिखल झालेला! शेवटी त्यानेही ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड काढली तेव्हा मी ओरडलेच. पण ती चुन्याशी मिळून पाण्यात न विरघळणारा पापुद्रा धरते, चकाकी त्यानेच येते.

मग मला नाद लागला. कोटा विंध्य खडकांतला. हे खडक चित्तोडगढपासून बिहारमधल्या सासारामपर्यंत पसरलेत, म्हणजे आज जिथे समुद्राचा वासही नाही तिथे उथळ समुद्र होता. लादीत शिंपला शोधत बसू नका, मी बसले होते. कवचवाले जीव आले सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी, हा गाळ त्याच्याही कितीतरी आधीचा. रंगाऱ्याचं उरलेलं अ‍ॅसिड येऊरहून आणलेल्या काळ्या दगडावर टाकलं. ढिम्म. आपला ठाण्याचा दगड लाव्हाचा.

सगळ्यात मजा फाटकाशी. तिथली लाल धोलपुरी फरशी, वाळूच्या दगडाची, तीही विंध्यातलीच, तिच्यावर बारीक वळ्या आहेत. पाय घसरू नये म्हणून टाकीने काढल्यात असं मी वीस वर्षं समजत होते. त्या लाटांनी वाळूवर उठवलेल्या. वळीचे दोन्ही उतार सारखे, म्हणजे पाणी पुढे-मागे हेलकावत होतं. एकाच दिशेने वाहतं तर एक बाजू लांब झाली असती. ओहोटीला केळव्याला दिसते तशीच नक्षी.

आता सोसायटीत ती फरशी घासून सपाट करायचा ठराव आलाय, केर अडकतो म्हणून. मी रोज झाडून घेईन असं लेखी दिलंय. हॉलचा कोपरा बराच सुधारला, पण तिरपं ऊन आलं की डाग दिसतो. आईने तिथे तुळशीची कुंडी ठेवली आहे.