पाव किलोची सवय लावताना

भोसरीच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं स्टोअर सांभाळलं. प्रत्येक खणाला बिन कार्ड: आलं किती, गेलं किती, शिल्लक किती. २०२३ साली ५८ वर्षं पूर्ण झाली आणि निवृत्त झालो. ईपीएस-९५ म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचं पेन्शन महिन्याला चार हजारांच्या आसपास येतं. फंडाचे १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, त्याचं ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज मिळतं. म्हणजे महिना सव्वाचौदा हजारांत बसवायचा, आणि त्यातच हिच्या थायरॉईडच्या नि माझ्या शुगरच्या गोळ्या.

गेल्या जूनमध्ये फ्रीजचा भाजीचा ट्रे धुवायला काढला. तळाशी मेथीची अख्खी जुडी होती. तिची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. पानं काळी पडून पाणी सुटलं होतं, त्यात दोन टोमॅटो चिकटले होते. ती मेथी मीच आणली होती, दहाला दोन जुड्या मिळाल्या म्हणून. ज्याने आयुष्यभर एका वॉशरचा हिशेब चुकू दिला नाही, त्याच्या घरात हे व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं.

मुलाने आणून दिलेला छोटा डिजिटल काटा घरात होता. ठरवलं, आठवडाभर जे खाण्याजोगं असून टाकावं लागेल ते तोलून लिहायचं. साली, देठं, चहाचा चोथा धरायचा नाही. आठवड्याची बेरीज झाली १ किलो ९०० ग्रॅम. वर्षाला शंभर किलोच्या घरात; घरात आम्ही दोघंच, म्हणजे माणशी पन्नास. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांसाठी माणशी वर्षाला सुमारे ५५ किलोचा अंदाज दिला आहे. पण त्यात साली-देठंही धरलेली असतात. माझ्या आकड्यात ती नव्हती.

मला वाटत होतं, जास्त नासाडी भात-पोळीची, म्हणजे हिच्या हातची निघेल. निघालं उलटंच. निम्म्याहून जास्त वजन भाजीचं होतं, आणि भाजी मी आणतो.

फ्रीजच्या दारावर बिन कार्ड लावलं. ते दोन दिवसही टिकलं नाही. "अहो, कारखान्यातला कागद माझ्या स्वयंपाकघरात नको," म्हणून हिने काढून ठेवलं. मग लक्षात आलं की घरात हिशेबाची जागा आधीपासून आहेच. दुधाचा खाडा ही कालनिर्णयवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात लिहिते. त्याच चौकोनात, दुधाच्या खाली, टाकलेलं वजन लिहू लागलो. त्याला तिची हरकत नव्हती. पुढे मी विसरलो तर तीच लिहायची.

दुसरी चूक माझ्या सवयीची होती. स्टोअरमधला नियम, आधी आलेलं आधी बाहेर. भाजीला तो लावून बघितला आणि फसलो. मागच्या आठवड्याचे बटाटे आधी संपवत बसलो, तोवर कालचा पालक पिवळा पडला. स्टोअरमध्ये रबर सील आणि चिकटवायची रसायनं वेगळी ठेवायचो, कारण त्यांना मुदत असते. तिथे कधी आलं हे न बघता मुदत कधी संपते ते बघायचं. घरातही तेच हवं होतं. आता आणल्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पालेभाजी, मग भेंडी-गवार, मग दोडका, दुधी, शेवटी कोबी किंवा लाल भोपळा. बाजाराच्या आदल्या दिवशी मटकीची नाहीतर मुगाची उसळ. रविवारी एकदाच पिशव्या भरून आणणं बंद केलं. आठवड्यातून दोनदा पिंपरीच्या मंडईत जातो आणि पाव किलोच मागतो. सुरुवातीला पाव किलो मागताना संकोच वाटायचा. एक भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "बाबा, अर्धा घ्या, पाच रुपये कमी लावते." ते पाच रुपये सोडायला शिकणं मला सगळ्यात जड गेलं.

कोथिंबीर मात्र जुडीच घ्यावी लागते. ती न धुता निवडतो, ओली असली तर पंख्याखाली सुकवतो, सुती फडक्यात सैलसर गुंडाळून डब्यात ठेवतो. दर तीन दिवसांनी फडकं बदलायचं. दहा-बारा दिवस जाते. काड्या आमटीत.

भाताचं काम हिने केलं. हिचे सासू-सासरे, मुलगा, आम्ही, असं पूर्वीच्या पाच माणसांचं पातेलं अजून रोज चुलीवर चढत होतं. पातेलं मोठं असलं की हात आपोआप सैल पडतो, असं तीच म्हणाली. ते माळ्यावर ठेवलं, लहान काढलं. दीड वाटी तांदळाचे पाऊण वाटी झाले. उरलेली आमटी आधी स्टीलच्या झाकणाच्या डब्यात जायची आणि विस्मरणात जायची. आता लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत, मधल्या कप्प्यावर, समोर दिसेल अशी. दुसऱ्या दिवशी त्याच आमटीत चकोल्या. दुधी असेल त्या दिवशी सालीची चटणी: कोवळ्या साली बारीक चिरून, तीळ आणि लसूण घालून, कमी तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. भाकरीबरोबर मला ती भाजीहून आवडते.

दोन गोष्टींत आम्ही काटकसर करत नाही. रात्रभर बाहेर राहिलेला भात सरळ टाकतो, वजन वाढलं तरी. त्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, आणि या वयात एक जुलाब-उलटीचं आजारपण महिन्याची बचत खाऊन जातं. दुसरं, वाया जाऊ नये म्हणून उरलेला घास पोटात ढकलायचा नाही. ही वर्षानुवर्षं तेच करत आली, आणि मला ते कधी दिसलंच नाही.

चार महिने झाले. आठवड्याचं वजन तीनशे-चारशे ग्रॅमवर आलं आहे, आणि भाजीचा महिन्याचा खर्च पाच-सहाशेने कमी झाला आहे.

पोळ्यांवर आमचं एकमत झालेलं नाही. रात्री दोन पोळ्या जास्तच करायच्या, कोणी आलं तर उपाशी जायला नको, हे हिचं म्हणणं. बहुतेक रात्री कोणी येत नाही. सकाळी ती त्या हाताने कुस्करते, कांदा, मिरची, हळद, शेंगदाणे घालून फोडणी देते, वरून लिंबू. तोच आमचा नाश्ता. कालनिर्णयवर मी त्या दोन पोळ्या लिहीत नाही.